सात सालचे बांबू

“यंदाची मोजलीस का गं, हिसानो?”

ओढ्यापलीकडच्या सपाट दगडावर उभ्या राहून सासूबाई हाक मारायच्या. आवाज बारीक, पण बेटात शिरला की बांबूंमधून वाट काढत नेमका माझ्यापाशी यायचा. मी आत असायचे, घोट्याएवढ्या पाचोळ्यात, हातात खिळा धरून वाकलेली. “मोजतेय!” मी ओरडायचे. “मोजतेय काय? मोजली म्हणशील तेव्हा भात वाढीन,” त्या म्हणायच्या. त्या आत कधी यायच्या नाहीत, गुडघे गेले होते त्यांचे. पण मी बाहेर येईपर्यंत परतही जायच्या नाहीत.

गुडघे गेले तेव्हापासून, अशी अठरा वर्षं.

आमच्या एचिझेनच्या डोंगरात भाताची रोपं लागली की बेटात नवे कोंब वर येतात. सासूबाई त्यांना पोरं म्हणायच्या. महिन्याभरात पोर आईच्या डोक्याच्या वर जातं. पण उंची आली म्हणून वय येत नाही. बांबू आतून पिकायला तीन हिवाळे लागतात, आणि चौथ्या पानगळीला तो बाहुलीच्या कामाचा होतो. तोवर कोवळ्याची आणि पिकल्याची साल लांबून सारखीच हिरवी. म्हणून नव्या पोराच्या अंगावर, छातीच्या उंचीला, त्या सालाचा आकडा खिळ्याने कोरून ठेवायचा, आणि कोरता कोरता पोरं मोजायची. साल कोवळी असते तेव्हा खिळा लोण्यात शिरावा तसा शिरतो, आणि आकडा मग बांबूबरोबर जन्मभर राहतो. आमच्या घरात कोरायचं काम बायकांचं, तोडायचं पुरुषांचं. तोडणाऱ्याने आकडा वाचायचा, हिशेब बोटांवर करायचा आणि कोयता घालायचा. आकड्यावर शंका घ्यायची नसते. शंका घ्यायची तर मग स्वतःच कोरावं.

कोरताना सासूबाईंनी शिकवलेलं गाणं म्हणायचं, त्याने हात एका लयीत चालतो:

*कोंबा रे कोंबा, उतर टोपी, दाखव अंग,*
*कुठल्या साली आलास बाळा, माझ्या कानात सांग.*

नऊ वर्षांपूर्वी, आताच्या सम्राटाच्या राजवटीच्या सातव्या साली (आमच्याकडे सालं अशीच मोजतात), ऐन कोंबांच्या दिवसांत सासूबाई गेल्या. त्यानंतर ते गाणं मी म्हटलं नाही. लोकांना वाटलं, दुःखाने. मीही त्यांना तसंच वाटू दिलं.

*

नोव्हेंबर सरत आला होता. सकाळपासून गारठलेला, ना पाऊस ना बर्फ असा चिखल आभाळातून पडत होता. मी ओसरीवर बसून केस चिरत होते. आमच्या बाहुल्यांच्या चेहऱ्याला नाक-डोळे नसतात. बांबूच्या गोल पेराचंच अंग, पेराचाच पदर, आणि डोकं म्हणजे नुसता गुळगुळीत गोळा. ती बाई रडतेय की वाट बघतेय, हे सांगायचं काम केसांचं. म्हणून कामटीची पातळ पट्टी, म्हणजे बेळ, करायची, बेळ चिरून तिचे धागे, धागा चिरून त्याचा केस. मग काळा रंग. अंग माझा नवरा तामेइची घडवतो, केस मी लावते. चाळीस वर्षं त्याच्या बायकांच्या वेण्या मीच घालत आले आहे.

“हिसानोताई! दार उघडा हो, हात अडकलेत माझे!”

खालच्या गरम झऱ्यांच्या गावात सराय चालवणाऱ्या कात्सुएबाई होत्या. छत्री मानेत धरलेली आणि दोन्ही हातांत जांभळ्या रुमालात बांधलेलं काहीतरी, तान्हं मूल आणावं तसं. आकार बघूनच मी ओळखलं.

“या, या. ओल्या झालात.”

“ओली झाले ते जाऊ दे. ही ओली झाली नाही ना ते बघा आधी.”

तामेइची कामाच्या खोलीतून बाहेर आला. त्याने रुमालाकडे पाहिलं आणि खाली बसला. यंदाची ही पाचवी.

कात्सुएबाईंनी गाठ सोडली. बर्फातून चालणारी, छत्री अर्धी उघडलेली बाई. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या सरायीच्या दर्शनी कोनाड्यासाठी केली होती. पदराच्या घडीत आणि पायांशी बारीक पिवळसर पिठी साचली होती.

“मला वाटलं, स्वयंपाकातली पोरगी पीठ सांडते,” कात्सुएबाई म्हणाल्या. “रोज तिला बोलायची. रडकुंडीला आली बिचारी. शेवटी म्हणाली, मालकीणबाई, पीठ खालच्या मजल्यावर, बाहुली वरच्या मजल्यावर, मी काय जिन्यावर शेवया लाटते का? तेव्हा माझी ट्यूब पेटली. चष्मा लावून बघते तर काय, इथे भोक!”

तामेइचीने बाहुली उचलली, कानाला लावली आणि नखाने हळूच टिचकी मारली. मग काळ्या कागदावर ती उलटी धरली. पिठी सुरकन खाली आली.

“केव्हापासून?”

“उन्हाळ्यापासून असेल. अहो, मी भांडायला नाही आले हं. नवी द्या असंही म्हणत नाही. नुसतं औषध-बिवषध मारून मिळालं तरी...”

“औषध नाही याला. आतून पोखरलंय.” त्याने बाहुलीच्या बैठकीवरचा आपला डागलेला ठसा अंगठ्याने चोळला, जणू तो पुसला जाईल. “चूक माझी आहे, कात्सुएबाई. पाणी चुकलं होतं. क्षमा करा.”

आणि त्याने जमिनीला कपाळ टेकलं. बहात्तर वर्षांचा माणूस. कात्सुएबाई घाईघाईने पुढे सरकल्या. “अहो, उठा, उठा! काय हे! माझ्या नवऱ्याने असं एकदा केलं असतं तर मी त्याच्या सात चुका माफ केल्या असत्या.” मग मला म्हणाल्या, “केसांना मात्र काही झालेलं नाही, ताई. बघा ना, वाऱ्याने उडाल्यासारखे. पाहुणे विचारतात, खऱ्या बाईचे आहेत का म्हणून. तुमचं काम जसंच्या तसं राहिलं बघा.”

मी चहा ओतायला उठले. माझं काम जसंच्या तसं राहिलं होतं, तेच मला बघवत नव्हतं.

*

पाण्याचं म्हणजे असं. तोडलेला बांबू उकळून त्यातलं तेल आणि गोडवा काढावा लागतो, नाहीतर त्याला कीड लागते. राखेचं क्षाराचं पाणी किती कडक करायचं ते तामेइची जिभेवर थेंब ठेवून ठरवतो. त्याचा बापही तसंच करायचा. दहा सालच्या हिवाळ्यात तामेइचीला मोठा ताप येऊन गेला, त्यानंतर महिनाभर तोंडाला चव नव्हती. पण सात सालचा बांबू नुकताच तोडलेला, कढईशेजारी रचलेला. तो तसाच उठला, शाल गुंडाळून कढईपाशी बसला, आणि त्याच जिभेने त्याने पाणी ठरवलं.

यंदा वसंतात पहिली बाहुली परत आली, मग दुसरी. त्याने आमच्या माळ्यावरच्या उरलेल्या काठ्या चिरून बघितल्या. किडका निघाला तो सात सालचा. सात म्हणजे दहाच्या हिवाळ्यात उकळलेला. तापाचा हिवाळा. त्याचं उत्तर त्याला तिथेच मिळालं.

तेव्हापासून तो जेवताना पहिला घास तोंडात घेऊन थांबतो. कोंड्यात मुरवलेला बांगडा आमच्याकडे इतका खारट असतो की लहान मूलही जीभ बाहेर काढील. तरी तो विचारतो, “खारट आहे का गं?”

“आहे.”

“नेहमीएवढा?”

“नेहमीएवढा.”

“हं,” म्हणतो आणि खाली मान घालून जेवतो. “मलाही तसंच लागलं. पण आता काय खरं.”

रोज तिन्ही जेवणांना हा प्रश्न. मुळ्याच्या किसातल्या शेवयांना, लोणच्याला, नुसत्या भातालासुद्धा. आठ महिने. मी उत्तर देते आणि वाडगं धुवायला नेते. कधी कधी वाटतं, मी सगळं आयुष्य एका वाडग्याच्या कडेवरून हात फिरवण्यात घालवलं.

*

खरी गोष्ट अशी.

सासूबाई गेल्या त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी मी ओढ्यापर्यंत गेले. खिळा कमरेला होता. दगड रिकामा होता. आत पोरं वर आलेली दिसत होती, तपकिरी टोप्या घातलेली, दाटीने. कोणी हाक मारली नाही. मी तिथे उभी राहिले आणि माझे खांदे खाली आले. अठरा वर्षं ते वर चढूनच राहिले होते, हे मला तेव्हा कळलं. मी त्या सपाट दगडावर, त्यांच्या दगडावर, बसले. पाय ओढ्यात सोडले. वाळलेल्या पर्सिमन फळाचा एक तुकडा पदरी होता तो चघळला, आणि दुपारी घरी गेले.

“कोरलेस?” तामेइचीने विचारलं.

“हो,” मी म्हणाले.

उद्या जाऊ, परवा जाऊ, असं म्हणता म्हणता साल सरलं. दुसऱ्या साली पुन्हा तेच. आता आत जायचं म्हणजे मागच्या सालाचे न कोरलेले बांबू समोर उभे राहणार, विचारणार. मी गेले नाही. तिसऱ्या साली तर मी ओढ्यापर्यंतही गेले नाही. तामेइची तिन्ही वेळा विचारायचा, तिन्ही वेळा मी हो म्हणायचे, आणि त्याचा त्यावर विश्वास असायचा, कारण अविश्वास करायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तेव्हा तोडीचे बांबू जुन्या आकड्यांचे होते, चार, पाच, सहा. म्हणून काही उघडं पडलं नाही.

मग दहा सालची पानगळ आली. तामेइची म्हणाला, “उद्यापासून सातचे घेतो.”

त्या दुपारी मी खिळा घेऊन धावत बेटात गेले. दहाचे नवे ओळखू येत होते, त्यांच्या गाठींखाली पांढरी भुकटी होती. पण बाकी सात, आठ, नऊ अशी तीन सालांची पोरं एकमेकांत मिसळून उभी होती, आणि तीन साली आकडा कोणी घातलेला नव्हता. अंधार पडायला दोन तास होते. मी जाडजाड होते त्यांच्यावर सात कोरला, मधल्यांवर आठ, बारकांवर नऊ.

बांबू वयाने जाड होत नाही. कोंब मातीतून डोकं काढतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. तरी त्या दुपारी माझ्या डोळ्यांना जाड ते थोरलं दिसलं, कारण मला तसं दिसायला हवं होतं. साल आता निबर झाली होती. खिळा घसरत होता, आकडे उथळ उमटत होते. बोटाला रक्त आलं. नंतर आठवलं, नऊचं साल जोराचं होतं. त्या साली मातीतून मनगटाएवढे कोंब वर आले होते, अख्ख्या गावाने महिनाभर खाल्ले. म्हणजे मी ज्यांच्यावर सात कोरला त्यांतले निम्मे तरी दुसऱ्याच पानगळीचे, कोवळे, गोडव्याने भरलेले असणार. असला बांबू कितीही उकळा, किड्याला पुरेल एवढी साखर आत राहतेच.

तामेइचीने ते तोडले. संध्याकाळी घरी येऊन खुशीत म्हणाला, “यंदा कोयत्याला काय धार लावलीय मी! लोण्यासारखा उतरतोय.”

मी भात वाढत होते. मी त्याच्या वाडग्यात आणखी एक डाव भात घातला.

पुढच्या साली त्या बांबूचे केस चिरायला घेतले तेव्हा बोटांनी पहिल्या दिवशीच सांगितलं. पिकल्या बांबूचा केस ताठ असतो, सोडला की वाजतो. हा मऊ होता, कडेला लव सुटत होती. मी ते केस बाजूला टाकले आणि जुन्या सहाच्या काठ्यांतून नवे केस काढले. म्हणून कात्सुएबाईंच्या बाहुलीचे केस जसेच्या तसे राहिले. माझं काम मी वाचवलं होतं. त्याचं नाही.

अकरा सालापासून मी पुन्हा दरवर्षी बेटात जाते. दहाच्या पोरांवरही तेव्हाच कोरलं, ती ओळखू येत होती. त्यानंतर एकही साल चुकलं नाही. पण मागचं कसं कोरणार?

*

कात्सुएबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तोकुशिची आला. आमच्या कारागीर मंडळाचा चिटणीस, तामेइचीपेक्षा दहा वर्षांनी लहान, लहानपणी याच ओसरीवर पातं धरायला शिकलेला. हातात लाल चवळीच्या थंडगार गोड वड्यांची पेटी. आमच्याकडे त्या बर्फाच्या दिवसांतच खातात.

“वहिनी, आधी गोड खा, मग मला शिव्या घाला,” तो म्हणाला. “तामेदादा, हे काय ऐकतोय मी? मंडळाच्या पाटीवरून नाव काढा म्हणून चिठ्ठी पाठवलीस?”

“पाठवली.”

“पाटी लाकडाची आहे. नाव कोरलेलं आहे. काढायचं म्हणजे रंधा मारावा लागेल. तुझ्या शेजारी माझं नाव आहे, तेही सोलून निघेल. मला कशाला मारतोस?”

तामेइची हसला नाही. “परवा देवळात जुन्या बाहुल्यांना अग्नी देणार आहेत ना? भिक्षूंना सांगितलंय मी. या पाच देणार आणि ठसा देणार.”

“ठसा लोखंडाचा आहे, दादा! तो कसा जळेल?”

“राखेत राहू दे. माझ्या हातात नको.”

तोकुशिचीने माझ्याकडे पाहिलं. मी वडीचे तुकडे करत होते. बारीक, अगदी बारीक, केस चिरावेत तसे.

“बरं, पाच बाहुल्या बिघडल्या,” तो म्हणाला. “चाळीस वर्षांत पाच. माझ्या तर दुकानातून घरी पोचेपर्यंत हात निखळतात. लोक म्हणतात, तोकुशिचीची बाहुली घेतली की गोंद फुकट मिळतो.”

“तुझा गोंद खोटा, तो बदलता येतो. माझी जीभ खोटी निघाली.” तामेइचीने आपलं पातं उचललं, खाली ठेवलं. “सात उकळला तेव्हा गेली असेल. मग आठ, नऊ, दहा, त्यानंतरचं सगळं याच जिभेने उकळलंय. बांबू पोखरणारा भुंगेरा पाच-पाच वर्षं गप्प बसतो. अजून किती घरांत बसला असेल, मला काय माहीत? माळ्यावरचा सगळा बांबू उद्या खाली काढतो आणि मागच्या अंगणात जाळतो. बर्फ पडायच्या आत.”

“सगळा? सहा सालांचा माल? अरे, आकडे बघून निवड तरी!”

“आकड्यांनी काय होणार? आकडे खरेच आहेत. हिसानोने कोरलेत.” त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, जशी तो चांगल्या सुरीकडे बघून हलवतो. “आईनंतर एक साल नाही चुकवलं तिने. आकडे खरे, बांबू खरा. पाणी खोटं.”

वडीचा तुकडा माझ्या सुरीखालून निसटून चटईवर पडला.

“वहिनी, तुम्ही तरी सांगा याला,” तोकुशिची जाताना दारात म्हणाला. “तुमचं ऐकतो तो.”

“सांगते,” मी म्हणाले. त्याच्या छत्रीचा काळा ठिपका वळणाआड जाईपर्यंत दारात उभी राहिले. आत आले तेव्हा तामेइची वडी तोंडात घेऊन बसला होता.

“गोड आहे का गं?”

“गोड आहे,” मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

*

सकाळी समुद्राच्या बाजूने वीज गडगडली. हिवाळ्याच्या तोंडाची ही वीज झोपलेल्या बर्फाला उठवते असं आमच्याकडे म्हणतात. एक-दोन दिवसांत पांढरं होणार. बर्फाच्या आडोशाला घराभोवती फळ्या बांधायच्या राहिल्या होत्या, पण तामेइचीने शिडी माळ्यालाच लावली.

“तू खाली धर. मी एकेक देतो. अंगणात रच.”

तो एकेक पायरी चढत वर गेला. मी खाली उभी राहिले. माळ्याच्या चौकोनातून हाडासारखी पिवळी झालेली पहिली काठी आली, मग दुसरी. काठीबरोबर पिठी माझ्या केसांवर, खांद्यांवर पडत होती. मी काठी घ्यायचे, छातीशी धरायचे आणि अंगणात न्यायचे. हलक्या होत्या. वाळलेल्या बांबूला वजन नसतं, तरी पंधराव्या काठीला माझे हात भरून आले. चाळीस वर्षं मी या माणसाने दिलेलं खालून घेत आले आणि जागच्या जागी ठेवत आले. कधी कुठे ठेवलं ते सांगितलं नाही, आणि त्याने विचारलं नाही.

बघायची गरज नव्हती. अंगठा काठीवर फिरवला की आकडा कळत होता. अकरा, बारा, खोल, कडा गोलावलेल्या, बांबूबरोबर वाढलेल्या. मग एखादी काठी यायची आणि अंगठ्याखाली नुसता ओरखडा लागायचा. उथळ, घाईतला. सात. आठ. पुन्हा सात. त्या दुपारचा माझा धापा टाकणारा श्वास त्या रेघांत तसाच राहिला होता.

मी कधी सुरुवात केली ते मला आठवत नाही. पण माझे पायच दोन वाटांनी जायला लागले. खोल आकड्यांच्या काठ्या भिंतीशी, वळचणीखाली, कोरड्यात. उथळ आकड्यांच्या अंगणाच्या मधोमध, चिखलात. वळचणीखालची रास उंच होत गेली. मधली छोटीच राहिली.

माळ्यावरचा आवाज थांबला. तामेइची शिडीवरून अर्धा खाली उतरला होता. उघड्या दारातून त्याला अंगण दिसत होतं. केस आणि भुवया पिठीने पिवळ्या झालेल्या, तोंड धुरकट. म्हातारपणी तो त्याच्या आईसारखा दिसायला लागला आहे. मी ते बरेच दिवस बघायचं टाळत होते.

“दोन ढीग कशाला केलेस?” त्याने विचारलं. रागाने नाही. दमून. “सगळं जाळायचंच आहे ना?”

पुन्हा वीज गडगडली, आता जवळ, ओढ्याच्या वर. बेटातल्या बांबूंचे शेंडे एकदम वाकून वर आले.

त्याने बाही तोंडावरून फिरवली, जिभेवरची पिठी थुंकली, आणि मग सवयीने जीभ ओठांवरून फिरवून थांबला. चव बघत होता. त्या किड्याच्या भुकटीची चव! आणि मान तिरकी करून माझ्याकडे बघत होता. मला आता विचारणार, हे मला कळलं. कडू आहे का गं. गोड आहे का गं. मी सांगणार, तो मान खाली घालणार, आणि आम्ही असेच एकेक घास विचारत मरून जाणार.

पण त्याने ते विचारलं नाही. त्याने ढिगांकडे बघितलं आणि शिडीवरूनच, बारीक आवाजात, म्हणाला, “मोजलीस का गं, हिसानो?”

त्याला काठ्या म्हणायचं होतं. मला माहीत होतं, तो नुसत्या काठ्यांबद्दल विचारत होता.

माझ्या हातात एक सातची काठी होती. मी ती खाली ठेवली नाही. तिच्यावरच्या ओरखड्यावर अंगठा घट्ट दाबून धरला.

“नाही मोजली,” मी म्हणाले. “सासूबाई गेल्या त्या साली नाही मोजली. त्याच्या पुढच्या साली नाही, त्याच्याही पुढच्या नाही. तीन वर्षं मी बेटात गेलेच नाही, अहो. तुम्ही विचारायचात आणि मी हो म्हणायचे. त्या हाक मारायच्या थांबल्या म्हणून मला सुटल्यासारखं वाटत होतं, म्हणून नाही गेले. दुःखाने नाही. मग तुम्ही तोडणार त्याच्या आदल्या दुपारी जाड बघून सात कोरले, अंदाजाने. हे मधलेच तेवढे जाळा. भिंतीकडचे पक्के आहेत, त्यांना हात लावू नका. बांबू कोवळा होता. पाणी बरोबर होतं. तुमची जीभ बरोबर होती.”